सनद, वर्क परमिट आणि नागरिकत्व: न्यूयॉर्कमध्ये पुन्हा वकिली आणि शहराचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नऊ वर्षं दिवाणी वकिली केली, तीन वर्षांची एलएल.बी. आहे, वय ३६. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आलात, सध्या एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) आहात. पुन्हा कोर्टात उभं राहायचं आहे, शहराच्या सार्वजनिक कामातही उतरायचं आहे आणि जमलं तर पुढे सिटी कौन्सिलची निवडणूक लढवायची आहे. मग 'आधी एलएल.एम. करू का, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत बाकीचं थांबवून ठेवू का? या वयात हे जमेल का?' असं तुम्ही विचारलंय.

एलएल.एम.चा, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा निर्णय नंतरचा. तुमच्या प्रश्नात तीन परवानग्या एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. वकिलीचा परवाना राज्याचं न्यायालय देतं. पगारी काम करायची मुभा फेडरल इमिग्रेशन खातं देतं. मतदान आणि निवडणूक नागरिकत्वावर अवलंबून असतात. यातली एक हातात आली म्हणून दुसरी मिळत नाही, आणि एक नाही म्हणून दुसरी अडतही नाही. वकिलीला नागरिकत्व लागत नाही हे तर १९७३ सालीच ठरलं. फ्रे ल पूल ग्रिफिथ्स या डच बाईंना केवळ अमेरिकी नागरिक नाहीत म्हणून कनेटिकट राज्याने बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला बसू दिलं नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नागरिकत्वापर्यंत थांबण्याचं कारण नाही. भारतात जन्मलेल्यांची रोजगारावर आधारित ग्रीन कार्डची रांग बघता ते थांबणं दहा वर्षांहून लांबू शकतं.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली, नवऱ्याची आय-१४० (नोकरी देणाऱ्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली याचिका) मंजूर झाली आहे का. झाली असेल तर तुम्हाला एच-४ वर वर्क परमिट मागता येतं. नसेल तर ते सहसा मिळत नाही, आणि त्याशिवाय बार पास झालात तरी पगार घेता येणार नाही. परमिट मिळालं की नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी करता येतो, तो पहिल्याच दिवशी करा. पूर्वी अर्ज प्रलंबित असताना मुदत आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सोय नाही. चालू खटले हातात असताना परमिट संपलं तर अशिलाचे हाल होतात आणि तुमच्या नावालाही बट्टा लागतो. दुसरी गोष्ट, तुमच्या कॉलेजचे वर्ग पूर्णवेळ होते की नाही. फक्त सकाळी किंवा संध्याकाळी भरणारं कॉलेज असेल तर 'हे अर्धवेळ शिक्षण होतं का' असा प्रश्न निघू शकतो.

आता पात्रता. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सचा (राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा) नियम ५२०.६ दोन कसोट्या लावतो: शिक्षणाचा कालावधी अमेरिकी लॉ स्कूलइतका आहे का, आणि ते कॉमन लॉवर, म्हणजे निवाड्यांवर उभ्या राहिलेल्या इंग्रजी पद्धतीच्या कायद्यावर आधारलेलं आहे का. दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर एलएल.एम. न करता परीक्षेला बसता येतं. भारतीय कायद्याचं शिक्षण दुसऱ्या कसोटीला सहसा उतरतं. अडचण आलीच तर कालावधीत येते. एकच कसोटी हुकली तर अमेरिकी बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमधून किमान २४ क्रेडिटची एलएल.एम. करून ती भरून काढता येते. दोन्ही हुकल्या तर एलएल.एम.नेही भागत नाही. ऑनलाइन एलएल.एम. या कामाला चालत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

म्हणून आधी राज्याच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडे 'अ‍ॅडव्हान्स इव्हॅल्युएशन'चा ऑनलाइन अर्ज करा. ज्या परीक्षेला बसायचं तिच्या किमान वर्षभर आधी. अर्ज सोपा आहे, कागदपत्रांत वेळ जातो. ट्रान्सक्रिप्ट संस्थेकडून थेट बोर्डाकडे जावं लागतं. तुम्ही पाकीट उघडून स्कॅन पाठवलं तर ते धरत नाहीत. त्यात प्रवेशाची आणि पदवी मिळाल्याची तारीख हवी, आणि आपल्याकडच्या गुणपत्रिकेत प्रवेशाची तारीख बहुधा नसते. तेव्हा ती लिहिलेलं वेगळं पत्र मागून घ्या. सनदेचा पुरावा लागेल. तुम्ही २००९-१० नंतरच्या पदवीधर असल्याने ऑल इंडिया बार परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही जवळ ठेवा.

सगळ्यात जास्त अर्ज रखडतात ते नावामुळे. पदवीवर माहेरचं आडनाव आणि मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं, सनदेवर यातलं तिसरंच काहीतरी. आपल्याला यात वावगं वाटत नाही. तिथल्या कारकुनाला या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलाचं राजपत्र असेल तर ते, आणि 'ही सगळी नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जाला जोडा.

एलएल.एम. करायची की नाही, ते बोर्डाचं उत्तर हातात आल्यावर ठरवा. न्यूयॉर्कमधल्या नामांकित खासगी विद्यापीठांत नुसती फी ७० हजार डॉलरच्या वर जाते. पात्रता त्याशिवाय मिळत असेल तर एवढे पैसे ओळखीपाळखी, इथल्या पद्धतीचं लेखन आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला तर नंतरची वर्षभराची कामाची मुभा, एवढ्यासाठीच जातात. मोठ्या कंपन्यांचं काम करणाऱ्या फर्ममध्ये शिरायचं असेल तर त्याला अर्थ आहे. तुम्ही म्हणता तसं दिवाणी कोर्टातलं, सामान्य माणसांचं काम करायचं असेल तर माझ्या मते नाही. तिथे तुमची नऊ वर्षांची उलटतपासणी, हिंदी आणि मराठी यांना जास्त किंमत आहे.

परीक्षेकडे वळू. युनिफॉर्म बार एक्झाम फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी असते. परदेशात शिकलेल्यांना तिची फी ७५० डॉलर. एक दिवस लेखनाचा: ९० मिनिटांची दोन व्यावहारिक कामं आणि ३० मिनिटांचा एक असे सहा निबंध. दुसरा दिवस २०० बहुपर्यायी प्रश्नांचा. ४०० पैकी २६६ गुण लागतात. जुलै २०२८ पासून न्यूयॉर्क 'नेक्स्टजेन' या नव्या परीक्षेवर जाणार आहे, त्यामुळे जुन्या नोट्स विकत घेताना आपली परीक्षा कुठल्या बाजूला पडते ते पाहा.

परदेशी पदवीधरांत पास होणारे निम्म्याच्या खाली-वर असतात. कायदा येत नाही म्हणून नापास होणारे त्यात थोडे. बाकीचे तीन ठिकाणी अडखळतात. एक म्हणजे वेग. २०० प्रश्न सहा तासांत, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद, आणि चारही पर्याय बरोबरच वाटतात. त्यावर वाचन करून उपयोग नाही. किमान दोन हजार प्रश्न घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नामागचा नियम एका ओळीत स्वतःच्या हाताने लिहा. दुसरं, आपली उत्तर लिहायची सवय. आपण कलम, व्याख्या, निवाडे असं लिहीत जातो. इथल्या परीक्षकाला निवाड्यांची नावं नकोत. मुद्दा कोणता, नियम काय, या हकिगतीला तो कसा लागतो आणि निष्कर्ष काय, एवढं हवं. यातल्या 'कसा लागतो'ला मोठं वजन असतं आणि नेमकं तेच आपण एका वाक्यात उरकतो. तिसरं, ओळखीचे वाटणारे विषय. कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्ट (नुकसानभरपाईचा कायदा) तुम्हाला जवळचे वाटतील, पण मालविक्रीचे नियम वेगळे आहेत. पुराव्याच्या कायद्यात ज्युरी गृहीत धरलेली असते, त्यामुळे ऐकीव पुराव्याचे अपवाद नव्याने पाठ करावे लागतात. खरे परके विषय दोनच: फेडरल दिवाणी प्रक्रिया, म्हणजे कुठल्या राज्याच्या, कुठल्या कोर्टाला अधिकार हा सगळा घोळ, आणि स्थावर मालमत्तेतले भविष्यातले हक्क. पहिले तीन आठवडे या दोघांना द्या.

पूर्ण वेळ अभ्यास करता आला तर दहा-बारा आठवडे धरा. घरात लहान मूल असेल तर पाच-सहा महिने धरा आणि जुलैचा हट्ट सोडा.

याखेरीज दोन छोट्या परीक्षा आहेत. व्यावसायिक नीतीची एमपीआरई, ६० प्रश्न, दोन तास, ८५ गुण लागतात. ती मार्च, ऑगस्ट, नोव्हेंबरमध्ये होते. आणि न्यूयॉर्कच्या कायद्याची ५० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा, पुस्तक उघडं ठेवून, ३० बरोबर आले की झालं. 'पुस्तक उघडं' हे ऐकून गाफील राहणारे तिथेच आपटतात, कारण शोधायला वेळ पुरत नाही.

पास झालं म्हणजे वकील झालं असं नाही. तीन वर्षांच्या आत अपिलेट डिव्हिजनकडे, म्हणजे राज्याच्या अपील न्यायालयाकडे, वकील म्हणून प्रवेशाचा अर्ज करायचा असतो. क्वीन्सवाल्यांचा तो त्याच्या सेकंड डिपार्टमेंट या विभागाकडे. त्यात चारित्र्याची चौकशी, पूर्वीच्या कामांच्या ठिकाणची प्रतिज्ञापत्रं, आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र. ५० तास विनामोबदला कायदेविषयक काम लागतं, ते वकिलाच्या देखरेखीखाली असावं लागतं आणि अमेरिकेबाहेर केलेलंही चालतं. कौशल्याची वेगळी अट आहे. परवाना मिळाल्यानंतर परदेशात वर्षभर पूर्णवेळ वकिली केली असेल तर ती भागते, म्हणजे तुमची भागलेलीच आहे. तुम्ही ज्या वकिलांकडे ज्युनिअर होतात त्यांच्याकडून तारखांसकट पत्र आत्ताच घेऊन ठेवा. जुन्या फी-वादातली तक्रार, बार कौन्सिलची नोटीस, काहीही असेल तर स्वतःहून लिहा. तक्रारीमुळे क्वचितच अडतं. ती लपवली हे उघड झालं की मात्र अडतं.

या दीड-दोन वर्षांत हात बांधून बसायची गरज नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याची एक योजना आहे: मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेच्या वतीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही इमिग्रेशन प्रकरणांत प्रतिनिधित्व करता येतं. अंशतः मान्यता मिळाली तर इमिग्रेशन खात्यापुढे, पूर्ण मिळाली तर इमिग्रेशन कोर्टापुढेही. अर्ज तुम्ही नाही, संस्था करते, म्हणून आधी संस्था गाठा. एक सावधगिरी: वर्क परमिट नसताना, जिथे इतरांना पगार मिळतो तेच काम फुकट करणंही धोक्याचं आहे. संस्थेकडून स्वयंसेवकाची भूमिका लेखी घ्या आणि ती तुमच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

परवाना येईपर्यंत कार्डावर, लिंक्डइनवर किंवा मंडळाच्या गणपतीतल्या ओळख-परेडीतही नुसतं 'अ‍ॅटर्नी' लावू नका. 'भारतात सनद असलेली वकील, न्यूयॉर्कमध्ये परवाना नाही' एवढं लांबलचक लिहा. शेजारीण घरमालकाची नोटीस घेऊन येईल आणि तुम्हाला उत्तर सुचेलही. ते लिहून देणं म्हणजे विनापरवाना वकिली, आणि पुढे चारित्र्य समितीपुढे हेच निघतं. तिला शहराच्या ३११ या मदत क्रमांकावर फोन लावून द्या आणि भाडेकरूंच्या मदतीची लाइन मागा. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये घराबाहेर काढण्याच्या दाव्यांत कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना मोफत वकील द्यायचा कायदा केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. परवाना मिळाल्यावर तुमच्यासाठी पहिली नोकरी बहुधा याच कामात आहे. तारखा, तडजोडी, तातडीचे अर्ज, गर्दीचं कोर्ट. शिवाजीनगरच्या कोर्टात काम केलेल्याला तिथे परकं वाटणार नाही.

आता शहराचं काम. इथे बहुतेक जण निवडणुकीकडे बघतात आणि दारातली पायरी विसरतात. शहरात ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे भागाभागाची सल्लागार मंडळं आहेत, त्यातले १४ क्वीन्समध्ये. तिथली जॅक्सन हाइट्स ही वस्ती तिसऱ्यात येते. प्रत्येकावर जास्तीत जास्त ५० बिनपगारी सदस्य, नेमणूक बरो प्रेसिडेंट (क्वीन्ससारख्या शहर-विभागाचे निवडून आलेले प्रमुख) करतात, निम्मी नावं कौन्सिल सदस्य सुचवतात. मुदत दोन वर्षांची. त्या भागात राहणं, काम करणं किंवा महत्त्वाचा संबंध असणं पुरे; नागरिकत्वाची अट नाही. अर्ज हिवाळ्यात निघतात आणि सदस्यत्वाची मुदत १ एप्रिलला सुरू होते, तेव्हा तयारी सप्टेंबरपासून.

अर्जात 'मला समाजसेवेची आवड आहे' लिहिणारे शेकडो असतात. सहा महिने बैठकांना जा आणि एकच विषय धरा: एखादा धोकादायक चौक, शाळेपुढचा कचरा, तळघरांतलं पावसाचं पाणी. ३११ वरच्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा जमवा. नागरिकांच्या सत्रात बोलायला सहसा दोन-तीन मिनिटंच मिळतात, आणि आपल्या वकिलांना तेवढी प्रस्तावनेलाच लागतात. पहिल्या वाक्यात मागणी सांगा, दुसऱ्यात ठिकाण, मग पुरावा. एक पानी निवेदन डिस्ट्रिक्ट मॅनेजरच्या हाती द्या. बोर्डाचं रोजचं काम हा पगारी माणूस चालवतो आणि कुणाची नावं लक्षात ठेवायची हे त्याला चांगलं कळतं. सदस्य न होताही एखाद्या समितीवर 'पब्लिक मेंबर' म्हणून घेतात, ते विचारा.

बोर्डाचं मत बहुतेक बाबतीत सल्ल्यापुरतं असतं, हे आधीच समजून घ्या. जमिनीच्या वापराचा मोठा प्रस्ताव आला की नेहमीच्या प्रक्रियेत बोर्डाला ६० दिवस मिळतात, मग बरो प्रेसिडेंट, मग नियोजन आयोग, मग कौन्सिल. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर काही घरबांधणी प्रस्तावांना यापेक्षा जवळची वाट मिळाली आहे. दारूच्या परवान्यासाठी अर्जदाराला ३० दिवस आधी बोर्डाला कळवावं लागतं. नुसत्या 'विरोध' या शब्दाला कुणी विचारत नाही. 'रात्री बारानंतर मागचं अंगण बंद' अशी अट लिहून घेतली आणि अर्जदाराने ती मान्य केली, तर ती परवान्याला चिकटते. अटी मसुद्यात बसवणं हे वकिलाचं काम, आणि बोर्डात असे लोक कमी असतात.

हितसंबंधांचे नियम मात्र पहिल्याच आठवड्यात वाचा. शहराच्या चार्टरमधलं (शहराच्या मूळ कायद्यातलं) ६८ वं प्रकरण बोर्ड सदस्यांनाही लागू आहे. तुमचा, तुमच्या अशिलाचा किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेचा आर्थिक संबंध असेल तर तो जाहीर करून चर्चेत भाग घेता येतो, मत देता येत नाही. शंका आली तर हितसंबंध मंडळाकडून आधी सल्ला घ्या.

ना-नफा संस्थेच्या संचालक मंडळावर बोलावणं लवकर येईल, कारण प्रत्येकाला फुकटचा वकील हवा असतो. 'हो' म्हणण्याआधी मागच्या तीन वर्षांचे हिशेब, संचालकांचा विमा आणि हितसंबंधांचं लेखी धोरण मागा. न्यूयॉर्कमध्ये देणग्या मागणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचं वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर गेलं की स्वतंत्र लेखापरीक्षण लागतं. ते नसेल तर नम्रपणे बाहेर पडा. संचालक असताना त्याच संस्थेचं वकीलपत्र घेऊ नका.

निवडणुकीच्या बाबतीत दोन चुका महागात पडतात. पहिली मतदार नोंदणीची. नागरिक नसलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मत देणारा कायदा कौन्सिलने केला होता, पण राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सने मार्च २०२५ मध्ये तो रद्द ठरवला. जुने लेख अजून फिरतात, त्यावर जाऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर चुकून 'नागरिक आहे' अशी खूण झाली तरी पुढे ग्रीन कार्ड धोक्यात येतं. दुसरी देणगीची. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला फेडरल, राज्य किंवा शहर, कुठल्याच उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. निधी-भोजनाचं तिकीटही त्यातच. न्यूयॉर्कमध्ये तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या ब्लूमन नावाच्या कॅनेडियन वकिलाने या बंदीला आव्हान दिलं होतं. तो २०११ मध्ये हरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निकाल कायम केला. घरोघरी फिरणं, फोन करणं, भाषांतर करणं हे विनामोबदला स्वयंसेवक म्हणून चालतं. कौन्सिल जिल्ह्यात सहभागी अर्थसंकल्प (काही निधी कुठे खर्च करायचा हे रहिवासी मतदानाने ठरवतात तो) असेल तर त्यातल्या मतदानालाही नागरिकत्व लागत नाही.

वयाचं विचारलंत म्हणून सांगतो. दोन वर्षांत परवाना मिळाला असं धरलं तर पाच वर्षांनी दिवाणी न्यायालयाच्या स्मॉल क्लेम्स विभागात, १० हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यांत, स्वयंसेवक लवाद म्हणून बसता येतं. दहा वर्षांनी शहराच्या न्यायाधीशपदासाठी लागणारी वकिलीची वर्षं भरतात. चेन्नईत जन्मलेल्या राजा राजेश्वरी २०१५ मध्ये याच मार्गाने, सोळा वर्षं सरकारी वकिली करून, शहराच्या फौजदारी न्यायालयात न्यायाधीश झाल्या. ती दहा वर्षं भरतील तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीसच्या असाल. कौन्सिलसाठी ग्रीन कार्डनंतरची पाच वर्षं मोजा, ती तुमच्या हातात नाहीत.

त्या टप्प्यावर भारतातल्या सनदेचं काय, हेही आत्ताच लक्षात ठेवा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते, अमेरिकेतली नोकरी असली तरी. आणि अमेरिकी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ प्रमाणे सनदेचा पायाच भारतीय नागरिकत्वाचा आहे, आणि ओसीआय कार्डाने (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांच्या कार्डाने) ती उणीव भरत नाही. पुण्यात काही दावे अजून तुमच्या नावावर असतील तर त्यांची वकीलपत्रं अमेरिकी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या आधी दुसऱ्याकडे सोपवा.